थर्मामीटरचा आकडा

अहो, नमस्कार.

चष्मा कपाळावर असेल, तो आधी डोळ्यांवर घ्या आणि मग वाचा. साथीमुळे गाड्या बंद, म्हणून मी अजून नातीच्या वसतिगृहातल्या खोलीतच आहे. शेजारच्या खोलीतली तिची मैत्रीण चार हात लांब बसून हे लिहून घेते आहे.

काळजी करू नका. विद्यापीठाने दारावर कागद चिकटवलाय, की आजाऱ्याने वेगळं झोपावं आणि दोन वेळा ताप मोजून कळवावा. तापाने पडलेली नात पडद्याआडून रोज सांगायची, "आजी, नव्व्याण्णव." मला वाचता येत नाही, हे तिला पक्कं ठाऊक! काल मी थर्मामीटर धुऊन मैत्रिणीला दाखवला, तर एकशे दोन.

"तू घाबरशील म्हणून गं," म्हणाली लबाड.

"तुझ्या आजोबांबरोबर पन्नास वर्षं काढली, आता कशाला घाबरते?" म्हटलं, आणि विद्यापीठाच्या डॉक्टरांना फोन लावायला लावला. त्यांनी गोळ्या दिल्या. आज ताप उतरलाय, असं दोघीही म्हणतात. आता मला दोघींचंही खरं वाटत नाही.

माझे पाय भरून येतात, एवढंच. तुम्ही वेळेवर जेवता ना?

टपाल चालू आहे, तोवर दारच्या झाडाची लिंबं पाठवा, चांगली आंबट बघून. नातीच्या तोंडाची चव गेलीय. लिंबू चाखून ती ज्या दिवशी तोंड वाकडं करेल, त्या दिवशी मी निवांत झोपेन.

तुमचीच,
अंगठा माझाच आहे