भुताच्या राणीले मागणी

तीर्थरूप इंदुताईस,

हेमराजचा दोन्ही हात जोडून नमस्कार. तुझी कंबर, भाऊजींची शुगर आणि घरची म्हैस, सगळे ताळ्यावर असतील अशी आशा आहे. इथी धान कापणीले आलं, आई ठीक आहे, फक्त मलेच एका जागी बसवत नाई. हे लिहितानाही मधातच उठून पाणी पिऊन आलो, आणि तहान नव्हतीच. (फोन काऊन नाई केला म्हणशील. तुझ्या घरी फोन स्पीकरवर असते आणि अर्धं राजुरा ऐकते, म्हणून.)

तर झालं असं. आपला पियुष पुण्याची नोकरी सोडून आला, तो एक खेळ घेऊन आला. पट नाई, सोंगट्या नाई. टेबलाभोवती बसाचं, पियुष गोष्ट सांगते, आपण त्यातले माणसं होऊन बोलाचं, आणि अडलं की फासा टाकाचा. गोष्ट गोंडराजाच्या काळातली, जंगलातल्या किल्ल्याची (किल्ला पियुषनं मनानंच बांधला, शोधाले जाऊ नको). तिथची राणी एका शिपायावर जीव लावून मेली आणि आता तिचं भूत बुरुजावर फिरते. शिपायानं मनातलं बोललं तर ती सुटते, नाई तर त्याले घेऊन विहिरीत उडी टाकते. शिपाई मी. भूत म्हणजे मुखरूभाऊची पोरगी मयुरी, सिंदेवाहीले मेडिकलच्या दुकानात जाते ते. तिलेच पाहाले दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेत राजुऱ्याचे पाहुणे येणार आहेत. आता समजलं ना, मी काऊन उठबस करून राह्यलो ते? पियुषची बहीण पुनम दासी होते, चहाही तीच करते. आणि मी? राणी समोर आली की म्हणतो, "राणीसरकार, दरवाजाची कडी पाहून येतो." पियुष चिडते, "अबे, किल्ल्याले दरवाजा एकच आहे, किती पाहशील?"

आता आपल्या झाडीपट्टीत कोणी ओसरीवर मोठ्यानं "राणीसरकार" म्हटलं तर लोक काय समजतील? मंडईच्या नाटकाची तालीम! शेजारची बायनाबाई पोतं अंथरून बसली, तिच्या मागं सारी आळी आली. लोक चणेफुटाणे आणाले लागले. फासा पडला की म्हणत, "हे नाटकवाले मधातच जुगार काऊन खेळतात गा?" आम्ही समजावून थकलो. खेळ म्हटलं तर ते म्हणत, हो ना, नाटकाचा खेळ.

परवा खुद्द मुखरूभाऊ तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत पहिल्या रांगेत. मयुरी बुरुजावरून (म्हणजे प्लास्टिकच्या खुर्चीवरून) म्हणाली, "शिपाया, पाहुणे येऊन राह्यले. बोलशील का मी जाऊ?" पियुष म्हणे, गोष्टीत पाहुणे नाईत. ती म्हणाली, "माझ्या किल्ल्यात आहेत." ताई, तवा मले भुताची नाई, ती जाईल याची भीती वाटली. फासा बाजूले सारला आणि बोललो, "मयुरी, नको जाऊ. तुझ्याबिगर मले या गावात करमणार नाई." राणी गेली चुलीत, नाव तिचंच निघालं तोंडातून! मग बायनाबाईनं पदर डोळ्याले लावला आणि मागून एकच कल्ला झाला, "वन्स मोअर!" मुखरूभाऊ उठले, माझ्या शर्टले बक्षिसाची नोट टोचली आणि म्हणाले, "खरंखरं वाटलं गा पोरा! मंडईत पाहुण्यासमोर हेच करा."

म्हणजे राजुऱ्याच्या पोट्ट्यासमोर मी मयुरीले मागणी घालाची, त्यानं टाळ्या वाजवाच्या आणि तिले घेऊन जाचं!

बाकी क्षेम. भाऊजींले नमस्कार, लेकरांचे पापे.

तुझा,
हेमराज

ता. क. : तू आणि भाऊजी मंडईच्या आधी येऊन मुखरूभाऊले रीतसर विचारा वं. मी विचारलं तर ते परत बक्षीस देतील. पत्र पुनमजवळ देऊन राह्यलो, तिच्या पोटात गोष्ट राहते.

ता. ता. क. : ताई, मी मयुरी. पुनमनं पत्र माझ्याच हाती देल्लं. बाबाले मी कालच सारं सांगितलं. ते म्हणतात, "पोट्टा बरा आहे, पण त्याच्या घरून कोणी मोठं माणूस आल्याबिगर मी राजुऱ्याले नाई कसं म्हणू?" म्हणून लवकर या. फक्त हेमराजले सांगू नका. मागणीची तालीम तो सकाळ-संध्याकाळ आमच्या कुंपणाजवळ करून राह्यला, आणि मले ऐकाले बरं वाटते.