शिपायाने नाव विचारले

१२ जानेवारी १८९४

संक्रांत. हळदीकुंकवाला आमच्या चिंचपोकळीच्या चाळीतल्या झाडून साऱ्या बायका! शेजारच्या गंगुबाईंनी भंडावून सोडलं — नाव घे, नाव घे. घेतलं एकदाचं, उखाण्यात गुंफून. लग्नाला चार वर्षं झाली तरी कान तापले! वर्षातून एकदाच ते नाव तोंडी येतं. एरवी आपलं ‘इकडून’ आणि ‘स्वारी’.

घरात मात्र तिळगूळ कडूच. स्वारीला पुण्याच्या सायन्स कॉलेजात इंजिनियरीला जागा मिळाली आहे. मामंजींना पुणं नको, भायखळ्याची टेक्निकल शाळा हवी. लालबागच्या गिरणीत फिटरकीत त्यांची वीस वर्षं गेली. म्हणतात, “यंत्राक हात लागलो म्हणजे पोटाची चिंता नाय.” पण भायखळ्याच्या जागा भरल्या. कोणी गळालं तर कळवणार आहेत. स्वारीचं म्हणणं एकच — बाबा म्हणतील तसं.

मला कोण विचारतंय! पण भायखळा म्हणजे पायी जायचं नि दिवेलागणीला घरी. पुणं म्हणजे तीन वर्षं.

१६ जानेवारी

पुण्याला बावीस तारखेला हजर व्हायचं. भायखळ्याहून काही नाही. देवीला साखर बोलले.

१८ जानेवारी

काय करून बसले मी!

दुपारी घरात एकटी होते. मामंजी गिरणीत, सासूबाई बाजारात, शांतावन्सं शाळेत. दारात भायखळ्याचा शिपाई! एक जागा रिकामी झाली, चारच्या आत हजर झालं तर आपली, नाही तर पुढच्याची. पण चाळीत पाटकर दोन, तळमजल्यावरचे आणि आम्ही. “यजमानांचं नाव सांगा बाई. नाव जुळल्याबिगर चिठ्ठी द्यायची न्हाई.”

परक्या पुरुषासमोर नवऱ्याचं नाव! आणि शिपायासमोर का उखाणा घ्यायचा? गंगुबाईंना हाक मारायला गेले तर दाराला कुलूप. “बोला की बाई!” मी आपली पदर चावत उभी. “मग खाली विचारतो,” म्हणून तो जिना उतरला. तळमजल्यालाही कुलूपच होतं हे मागाहून कळलं. गेला चिठ्ठी घेऊन.

पाटी चुलीपाशीच होती. लिहून द्यावं हे तो गेल्यावर सुचलं! अशी मी शहाणी!

स्वारी दिवे लागल्यावर आली. गिरगावात मित्राकडे गेली होती म्हणे. रडत रडत सगळं सांगितलं. शब्दानं रागावणं नाही. “असू दे,” एवढंच.

१९ जानेवारी

भायखळ्याची जागा दुसऱ्याला गेली. मामंजी जेवले नाहीत. सासूबाई मात्र पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, “नाव घेतलंस नाय तां बरा केलंस गो! घोवाचा नाव घेतल्यार त्याचा आयुष्य उणा होता.”

आयुष्य वाढलं खरं. पण ते पुण्यात!

२१ जानेवारी

गेली स्वारी.

४ फेब्रुवारी

गिरणीचा भोंगा झाला की अजून एक ताट जास्त मांडते. शांतावन्सं हसतात, मग ते ताट हळूच उचलून ठेवतात.

आज सारखं पहिलं वर्ष आठवतंय. दादरच्या नारळाच्या वाडीतून इथं आले तेव्हा मी बारा वर्षांची. रात्रंदिवस धूर नि भोंगे. मी मोरीत तोंड धुण्याच्या निमित्तानं रडायची. एकदा स्वारी पाटी माझ्याजवळ ‘विसरून’ गेली. वर ठळक अक्षर, खाली जागा मोकळी. मी गिरवलं. दुसऱ्या दिवशी पाटीवर नवं अक्षर आणि शेजारी एक चिंच! पुढं दर अक्षराला चिंच. सासूबाईंना वाटायचं, सुनेला डोहाळे लागले!

आणि ती दिवाळी! माझ्या हातातली रांगोळी घेऊन कमळाच्या जागी हा भला थोरला पूल काढला होता. सासूबाई कडाडल्या, “लक्ष्मी पायान येता, आगगाडीन नाय!” आम्ही दोघं तोंडात पदर नि उपरणं कोंबून हसलो. मी हळूच विचारलं, यावरून जायचं कुठं? तर म्हणे, “पलीकडे.”

किती सुखाचे दिवस होते ते. माझ्या एका मुखदुर्बळपणानं मोडले.

२५ फेब्रुवारी

पुण्याला पत्र लिहिलं. पुन्हा क्षमा मागितली. ही तिसरी खेप. बिचारी स्वारी! घराचा केवढा लळा, बाबांच्या शब्दाचा केवढा मान, आणि परगावी एकटं राहायचं ते माझ्यापायी.

११ मार्च

उत्तर आलं. सासूबाईंना त्यांचं पत्र वाचून दाखवलं. घडीत माझी वेगळी चिठ्ठी होती.

“तू क्षमा मागतेस ते आता सोसवत नाही. त्या दुपारी मी जिन्यातच उभा होतो. सगळं ऐकत होतो. शिपायानं उतरताना मलाही नाव विचारलं. मी दुसरंच सांगितलं.”