तालमीत बंदी असलेला शब्द

वस्ताद, आज संध्याकाळी गच्चीवर पाणी शिंपडून मी पुन्हा जोर काढले. तुम्ही पाहिले असते तर तोंड फिरवलं असतं, पण माझ्या वयाला आणि पोटाला ते शोभतात. दिवाळीनंतर सुरुवात केली. आधी नुसतं फिरणं, मग बैठका, मग कठड्याला हात टेकून उभ्याउभ्या जोर, आणि आता उन्हाळा लागता लागता जमिनीवर. पट्टा आत सरकला. भाषणात लांबलचक वाक्य एका दमात पुरायला लागलं. ही वेळही मला फार आवडते. ओल्या फरशीतून वाफ निघते, बडनेऱ्याकडून गाडीची शिटी ऐकू येते, दिवसभर डोक्यात घोंगावणारे लोक गप्प होतात. अमरावतीत इतकी वर्षं राहून असा निवांतपणा मी कधी स्वतःला दिला नव्हता. आजही सगळं तसंच होतं. फक्त जोर काढता काढता जबडा आवळला, कालच्यासारखाच, आणि या वेळी ते आवळणं गळ्यातून खाली उतरलं. म्हणून बाजेवर बसलो आहे. उद्या अकोल्याच्या सभेत बोलायचं आहे, त्याचे मुद्दे काढायला कागद घेतला होता. पहिला शब्द तुमचा आला.

तुमची तालीम मला अजून वासानं आठवते. अकोल्यातलं, मोर्णा नदीच्या काठचं ते पत्र्याचं छप्पर, ताक, तेल आणि हळद घालून मळलेली लाल माती. मी कॉलेजातला, पुस्तकं वाचून फुगलेला. पहिल्याच आठवड्यात बैठका मारताना म्हणालो, ‘वस्ताद, मांड्या दुखून राहिल्या.’ सगळी तालीम थांबली. तुम्ही जवळ आलात. ‘काहून रे, हा दवाखाना हाय का? इथं दुखते म्हनाचं नाही. भरल्या म्हन.’ वरून जास्तीच्या बैठका. त्या दिवसापासून आमचं काहीच दुखलं नाही. मांडी भरायची, पाठ भरायची, मनगट भरायचं. कुणाचं बोट मोडलं तरी तो दात आवळून म्हणायचा, ‘बोट भरलं, वस्ताद,’ आणि आम्ही हसायचो. मला त्याचा केवढा अभिमान होता! दुखणं म्हणजे कमाई, हे मी तुमच्याकडून घेतलं आणि आयुष्यभर खर्चत आलो. सभेत दगड आले तेव्हाही मी तुमच्याच शिष्यासारखा उभा राहिलो.

आणि ती संध्याकाळ. तुम्ही पायरीवर बसला आहात, नदीकडून वारा येतो आहे, माती नुकतीच भिजवली आहे. तुम्ही खूश आहात, कारण महिनाभरात तुमचा स्वतःचा घेर उतरला आहे आणि तुम्ही आमच्याबरोबर जोर काढायला लागला आहात. ‘आज खांदा लय भरला रे,’ तुम्ही म्हणता. ‘मेहनत अंगी लागून राहिली.’ कुणीतरी ओरडतो, ‘वस्ताद, तुमचा खांदा भरला मंजे आमचं तं मढंच उठीन!’ तुम्हीच सगळ्यांत मोठ्यानं हसता. मी तेल घेऊन तुमचा डावा खांदा चोळतो आहे. कपाळावर घाम आहे, तोही आम्हाला मेहनतीचा वाटतो. ‘अजून दाब,’ तुम्ही म्हणता, ‘आत हाय ते.’ मग भिंतीला टेकता, पाणी मागता. पाण्याचा तांब्या येईपर्यंत तुमचा हात माझ्या हातात जड झाला होता. आम्ही इतके जण होतो. पण त्या जागी त्या दुखण्याचं खरं नाव घ्यायला तोंडच नव्हतं.

काल तिवस्याहून भाषण करून आलो, जेवताना बायकोला म्हणालो, ‘जबडा भरला गं.’ ती भाकरी थापता थापता म्हणाली, ‘भरीनच! तोंड तुमचं चाललं एवढा वेळ. लोकाइच्या कानाची चौकशी केली का?’ मी हसलो. घास चावताना थांबलो, ते तिनं पाहिलं. ‘अवो, खरंच सांगा. डाक्टरकडे जाऊ का?’ ‘कशाले? बोलून बोलून झालं ते.’ ‘मंग हात काहून झटकून राहिले?’ ‘सभेले जायचं म्हणून जोर सकाळीच काढले ना.’ पाहा, वस्ताद, माझ्याकडे प्रत्येक दुखण्याला कष्टाचं कारण तयार आहे. जबड्याला भाषण, हाताला जोर, घामाला उन्हाळा.

आणि हाच मी परवा काय गरजलो होतो! कापूस वेचणाऱ्या बाया समोर बसल्या होत्या. मी म्हणालो, सोसणं हा गुण नाही. ज्यांना तुमच्या पाठीवर बसायचं आहे त्यांनी तो गुण म्हणून तुमच्या गळ्यात बांधला आहे. दुखत असेल तर ओरडा, गावाला ऐकू जाईल असं ओरडा! बायांनी टाळ्या वाजवल्या. मी ते मनापासून म्हणालो होतो, आजही त्यातला एक शब्द मागे घेणार नाही. फक्त ते माझ्या घरी लागू होत नाही, असं मी आतल्या आत कधी ठरवून टाकलं, कोण जाणे.

उजेड गेला. खाली बायकोनं कुकर लावला आहे, शिट्टी होते आहे. वारा छान आहे, आणि माझी बनियन ओलीचिंब आहे. हा कागद तुम्हाला पोचणार नाही, पोचवायचाही नाही. कुणापुढे न झुकणारा म्हणून लोक मला ओळखतात, आणि एवढंसं बोलायला मी तुमची परवानगी मागत बसलो होतो. ती तुम्ही आता देऊ शकत नाही, म्हणून न घेताच बोलतो. वस्ताद, दुखतंय. छातीत दुखतंय.

आता तिला हाक मारायची आहे. मधे पूर्ण जिना आहे आणि कुकरची शिट्टी आहे. एकदा मारली. मैदान भरून उरणारा माझा आवाज कठड्यापर्यंतही गेला नाही. शिट्टी थांबली की पुन्हा मारतो.