पाठकोरा माफीनामा

सावदा, ४ ऑगस्ट २०२५

ति. अक्कास,

राजदीपचा कडक जयभीम. मोबाईल कॉलेजच्या दारातल्या धक्काबुक्कीत फुटला, म्हणून कागदावर.

होय, धुळ्याचं कॉलेज सोडलं. मुलींच्या वसतिगृहात नऊ दिवस पाणी नव्हतं. प्राचार्यांच्या भिंतीवर लाल रंगात उमटलं, ‘पाणी नाही तर परीक्षा नाही’. कुणी लिहिलं, असं त्यांनी भर वर्गात विचारलं. तुला म्हणून सांगतो, मृणालीच्या ओढणीला लाल डाग होता. आमच्या लाल झेंड्याच्या संघटनेची कॉलेज शाखा तीच चालवते. माझं डोकं फिरलं. उठून म्हणालो, मीच! माफीनामा दे नाहीतर चालता हो, म्हणाले. दाखला घेऊन चालता झालो. आता मावशीकडे केळीचे घड ट्रकात भरतो.

नानांना सांग, तुमचा पोरगा माफी मरेपर्यंत मागणार नाही. आणि मृणाली भेटली तर... जाऊ दे. फक्त कशी दिसत होती ते कळव.

तुझाच डोकेफिरू,
राजदीप

मेहरूण, जळगाव, ९ ऑगस्ट

चि. राजदीप,

जयभीम आणि एक धपाटा.

मृणाली तुला शोधत घरी आली होती. कशी दिसत होती? लालभडक, रागाने. या हिरोला कुणी सांगितलं होतं, असं तिने मलाच विचारलं. बेचाळीस मुली दुसऱ्या दिवशी त्या घोषणेखाली आपापली नावं लिहिणार होत्या. तू मध्येच ‘मीच’ म्हणालास, आणि एका वाह्यात पोराचा खोडसाळपणा म्हणून प्रकरण बंद झालं. नळ अजून कोरडाच.

सतरा तारखेला शाखेची बैठक आहे. चुकलेल्याने सगळ्यांसमोर उभं राहून आत्मटीका करायची, ही तुमचीच रीत ना? तिथे पहिलं नाव तुझं आहे.

नाना म्हणतात, पोऱ्या बठ्ठा वाया गया. त्यांनी तुझ्या नावाने माफीनामा लिहून ठेवलाय, तो सोबत पाठवते. सही कर नाहीतर फाड. बैठकीला मात्र गेला नाहीस, तर माझ्या दारी येऊ नकोस.

रागावली तरी तुझीच,
अक्का

धुळे, १८ ऑगस्ट

ति. अक्कास,

जयभीम. धपाटा पोचला.

काल उभा राहिलो. म्हणालो, मी खोटं बोललो. तुमची लढाई चोरली आणि त्या चोरीला प्रेम समजलो. मृणालीने मान वर न करता सगळं इतिवृत्तात लिहून घेतलं, ‘प्रेम’सुद्धा!

नानांचा कागद पाठकोरा होता. मागे मी लिहिलं, घोषणा माझी नव्हे. त्याखाली बेचाळीस सह्या, ‘आम्ही लिहिली’. आज सकाळी दिला. प्राचार्यांनी आधी नानांची बाजू वाचली, खूश झाले. मग कागद उलटला. सगळ्यांना काढतो, म्हणाले. मृणाली म्हणाली, काढा, बेचाळीस दाखले लिहायला बसा.

आता आम्ही सगळे रिकाम्या बादल्या घेऊन त्यांच्या दारात बसलोय. नळाला पाणी येईपर्यंत उठणार नाही. मृणाली अजून हसलेली नाही, पण एक बादली तिने माझ्या हातात दिली.

नानांना सांग, माफी मागितली. बेचाळीस जणींची. प्राचार्यांच्या वाट्याला काही उरली नाही.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
राजदीप