वीतभर उंबरठा

बदलापूर,
मे १९८९

प्रिय शालन,

'प्रिय' लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. त्यात आणखी काही शोधू नकोस. दोन वर्षांपूर्वी तू त्या जीन शिवणाऱ्याशी कोर्टात लग्न लावून, गळ्यातला हारही न काढता दारात येऊन उभी राहिलीस, तेव्हा जे बोललो ते बोललो. "हा उंबरठा पुन्हा ओलांडायचा नाहीस." तो शब्द आजही तसाच आहे आणि तो मागे घ्यायला मी हे पत्र लिहीत नाही. आधीच सांगतो, म्हणजे वाचताना उगाच डोळे भरून यायचे नाहीत. तुला रडू फार लवकर येतं, आईवर गेलीस. पत्र घरच्या लादीबद्दल आहे. वाचायचं असेल तर वाच, नाहीतर चुलीत घाल. आता तुमच्याकडे गॅस असेल म्हणा, शहरातली माणसं तुम्ही.

आपल्या घरातला कोबा तुला आठवत असेल. मी स्वतः उभा राहून घालून घेतला होता. त्याला एकच भेग होती, चुलीजवळ, तू आठवीत असताना वरवंटा पाडलास तिथली. बाकी इतकी वर्षं त्यानं काही तक्रार केली नाही. पण गेल्या दिवाळीनंतर तुझ्या आईला तो अचानक खुपायला लागला. पाय गार पडतात, गुडघे धरतात, पोपडे निघतात, शेजारच्या विठाकडेसुद्धा मोझॅकच्या लाद्या आल्या, आपणच काय घोडं मारलंय. जन्मात एक लुगडं हट्टानं न मागितलेली बाई, आणि आता सकाळ-संध्याकाळ लादीचं पालुपद. मी कारखान्यात जन्मभर गेज घेऊन बसलेला माणूस. केसभर कमी-जास्त निघालेला माल मी परत पाठवला आहे, साहेबाच्या तोंडावर. पण बायकोच्या हट्टाला गेज लावायचं सुचलं नाही, आणि मी हो म्हणालो.

लाद्या घ्यायला मी उल्हासनगरला, कॅम्प पाचला गेलो. तुमची खोली तिथून दोन गल्ल्या पलीकडे आहे हे मला ठाऊक होतं. मी तिकडे मान वळवली नाही. दुकानदार गोड बोलणारा, साईं साईं करत चहा पाजला, म्हणाला लादीत तोंड पाहून दाढी कराल. टेम्पो घरी आला तेव्हा अर्ध्या लाद्यांत लाल खडी आणि अर्ध्यांत हिरवी. परत गेलो तर म्हणतो, मिक्सचीच फॅशन चालू आहे. मी भांडणार होतो, पण तुझी आई म्हणाली राहू द्या, दोन्ही रंग छान दिसतील. तेव्हाही मला संशय आला नाही. एरवी ही बाई कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवालीशी तास घालते.

लाद्या बसवायला तिनंच जनू गवंडी शोधला. आणि काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मला बारवीकडे, तुझ्या कोंडाजीकाकाकडे पाठवून दिलं. भावाची भाताची झोडणी चालली आहे, हाताला माणूस नाही, इथल्या धुळीनं तुमचा खोकला वाढेल, वगैरे. मलाही बरं वाटलं, बायकोला आपली काळजी आहे. मी तिकडे भाऊ-भावजयीच्या हातची भाकरी खात बसलो आणि इकडे माझं घर चार बोटं वर गेलं.

परत आलो तर दार अर्ध्यावरच अडलं. स्वतःच्या घरात मी चोरासारखा अंग चोरून शिरलो. जनूनं जुना कोबा उखडलाच नव्हता. त्याच्यावरच रेती-सिमेंटचा थर टाकून लाद्या ठोकल्या होत्या. आतल्या खोल्याच नव्हेत, दारापुढचा कट्टासुद्धा. कट्ट्यावरचा पत्रा कामासाठी काढला होता, तो भिंतीला टेकवून ठेवलेला. दारं खालून कापून घ्यावी लागली. स्वयंपाकाचा ओटा मांडीशी आला. नळाला बारवी धरणाचं पाणी आलं आणि पिंप भरून वाहिलं की ओघळ मोरीकडे न जाता थेट माझ्या खाटेखाली. मी मुद्दाम लिंबू ठेवून पाहिलं, ते सुद्धा घरंगळत खाटेखालीच आलं. लाद्या घासायच्या मशीननं उडवलेला राखाडी चिखल भिंतीवर कमरेपर्यंत, नुकत्याच चुना दिलेल्या भिंती. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

आणि उंबरठा गेला होता. तो सागवानी उंबरठा, ज्याच्यावर तुझी आई लग्नात तांदळाचं माप लवंडून आत आली. दोन्ही बाजूंनी जमीन वर आली आणि त्याच्या डोक्यावरूनही लादी गेली. रस्त्यावरून घरात यायचं तर कट्टा कुठं संपतो आणि खोली कुठं सुरू होते, कळायला मार्ग नाही. विठाची कोंबडी ऐटीत चालत देवाच्या फळीपर्यंत आली. तुझ्या आईनं तिला हाकललं नाही, हसली. दोन वर्षांनी तिला हसताना पाहिलं आणि ते कोंबडीला पाहून, म्हणून मला आणखीच राग आला.

राग मी जनूवर काढला. तो काढायलाच हवा होता. गल्लीतली सगळी माणसं बाहेर येतील एवढ्या आवाजात त्याला त्याच्या बापापासून सोलला. थापी, ओळंबा, पाणसळ, सगळी हत्यारं ठेवून घेतली. मग स्टेशनजवळच्या नाक्यावर, जिथं गवंडी-मजूर सकाळी उभे राहतात, तिथं जाऊन सांगितलं की याला कामाला लावील त्याचं घर हा बुडवील. माझं नाव आहे गावात, तुला माहीत आहे. सुदाम बोलला म्हणजे मोजून बोलला, असं लोक म्हणतात. जनूला मग कुणी काम देईना. तो निमूटपणे ऐकून घेत होता, आणि माझा समज असा की चोर आहे म्हणून निमूट आहे.

काही दिवसांनी तो हत्यारं मागायला आला. आत आला नाही, कट्ट्याखालीच उभा राहिला. म्हणाला, वांगणीला वीटभट्टीवर जातोय, तिथं हत्यारं लागायची नाहीत, पण बापाची आहेत. मी म्हटलं, आधी चूक कबूल कर. तेव्हा तो खाली बघत बोलला, "काका, काकीनी सांगतलं तसंच केलं. उंबरा दिसाया नको, बोलल्या."

मी त्याला हत्यारं दिली. चूक त्याची नव्हती हे कळल्यावर नाक्यावर जाऊन शब्द फिरवला मात्र नाही. शब्द फिरवणं मला जमत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार. तो भट्टीवर आहे म्हणतात. विटांचंच काम, त्याला परकं नाही.

तुझी आई आत वाल सोलत बसली होती. मी विचारलं. वाटलं होतं नाही म्हणेल, रडेल, पाया पडेल. तिनं वालाचं टरफल बाजूला टाकलं आणि म्हणाली, "तुम्ही म्हणाला होतात, हा उंबरठा ओलांडायचा नाही. दाखवा कुठाय." आणि मग सांगितलं की तुला दिवस गेलेत. दिवाळीतच तिला कुणाकडून तरी कळलं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं असतं. तुमचा शब्दही राहील आणि पोरही येईल, तिनं सगळा हिशोब बसवला होता. रंगांचं तिला काही नव्हतं, गुडघ्यांचं काही नव्हतं. लाल-हिरव्या लाद्या मी माझ्या हातानं टेम्पोतून उतरवून घेतल्या, माझ्याच शब्दाला मूठमाती द्यायला. आपलेच दात आपलेच ओठ, बोलणार कुणाला.

खोटं सांगत नाही, क्षणभर मला तिचं कौतुक वाटलं. एवढी वर्षं एका ताटात जेवलो आणि ही एवढी हुशार आहे याचा पत्ता नव्हता. तिला ते माझ्या तोंडावर दिसलं असावं, कारण ती उठली आणि चहाचं आधण ठेवायला गेली. चहा येईपर्यंत मी ठरवून टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी पाथरवटाकडे गेलो आणि काळ्या दगडाचा उंबरठा घडवायला सांगितला. वीतभर उंच. तो म्हणाला, काका, एवढा उंच गोठ्यालासुद्धा नसतो. मी म्हटलं, तुला माप दिलंय तेवढं कर. दारं आणखी वीतभर कापली. आता दगड असा बसलाय की आंधळ्यालासुद्धा ओलांडावं लागतं, आणि ओलांडताना काय ओलांडतोय ते पायाला कळतं.

सागाच्या उंबरठ्याला तुझी आई रोज सकाळी हळदकुंकू लावायची, या दगडाला तिनं एकदाही बोट लावलं नाही. गुडघे खरोखरच दुखत होते, ते मला आता कळलं. चौकट धरून, एक पाय आडवा टाकून, मग दुसरा हातानं उचलून ती बाहेर पडायची. दिवसातून एकदाच पडायची. भाजीला, विठाकडे, सगळं बंद. मी खाटेवरून पाहायचो. विठा मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही. मी ऐकलं.

मार्चात एका दुपारी ती गाठोडं बांधून निघाली. काय होतं त्यात ते तूच पाहिलं असशील, टोपडी, दुपटी, माझ्या जुन्या धोतराचे लंगोट, डिंक, अळीव. मला काही विचारलं नाही. गाठोडं आधी दगडापलीकडे ठेवलं, मग चौकट धरली. तिला बराच वेळ लागला. एकदा तोल गेला आणि कपाळ चौकटीवर आपटलं. मी हात दिला नाही. तिनं मागितलाही नाही. तुझ्याकडे आली तेव्हा कपाळावर टेंगूळ असेल, आणि कशानं झालं विचारलंस तर तिनं काहीतरी भलतंच सांगितलं असेल. ते असं झालं.

तू रांगायला लागलीस तेव्हाची एक गोष्ट तुझ्या आईला माझ्यापेक्षा चांगली आठवते, माझ्यावर राग आला की काढायची. तू त्या सागाच्या उंबरठ्यावर पोटावर अडकली होतीस, अर्धी आत, अर्धी बाहेर, आणि किंचाळत होतीस. मी समोर बसलो होतो. ती म्हणत होती उचला हो, आणि मी म्हणत होतो तिचं तिला येऊ दे. तू आलीस. नाक घासलं गेलं, पण आलीस. तुझ्या आईनं गल्लीत गूळखोबरं वाटलं, आणि माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलली नाही. मला वाटतं तू जी काही हट्टी झालीस ती त्या दिवशी झालीस, तेव्हा त्याचं श्रेय त्या जीनवाल्याला देऊ नकोस.

आता पत्राचं कारण. विठा परवा सांगून गेली की तुला मुलगी झाली, आणि नाकानं गेली आहे आपल्या घरावर. तुझ्या आईचा निरोप नाही, चिठ्ठी नाही. ठीक आहे. तिला एवढं सांग की ती निघाली तेव्हा मी काही बोललो नव्हतो. नीट आठवून बघ म्हणावं, एक शब्द नाही. त्यामुळे तिला परत यायला अडचण नाही. सव्वा महिना झाला की तिला पोचवायला तू ये. मुलीला घेऊन ये. मुलीलाही मी अजून काही बोललेलो नाही. दगड इतका उंच आहे की रांगायला लागली तरी तिला तो ओलांडता यायचा नाही, उचलूनच आत घ्यावी लागेल. ते मी करीन. तू तिला माझ्या हातात दे आणि कट्ट्यावर उभी राहा. उंबरठा तुला नाही. आत पाहिलंस तर चालेल, पाहण्याबद्दल मी काही म्हणालो नव्हतो. जनू गेल्यापासून कट्ट्यावरचा पत्रा तसाच भिंतीला टेकलेला आहे आणि दुपारी तिथं सावली नसते. छत्री आण.

तुझाच,
बाबा