पेटवेसाहेबांची साक्ष

ती. सासूबाईंस,

स्वर्गात टपाल जात नाही, म्हणून मनमोकळं लिहितो. तुम्ही गेल्यापासून तुमच्या यजमानांनी जेवण आणि चर्चमधलं गाणं, दोन्ही टाकलं होतं. आम्ही त्यांना समुपदेशकाकडे नेलं. गोरा मुलगा, मनाने चांगला; पण पाहताक्षणी म्हणाला, “काय क्लीव्हलंड, कसा आहेस?” अलाबामातल्या सत्तरी उलटलेल्या काळ्या माणसाला!

“अशा एकेरी हाकेला माझ्या बापाने टोपी काढली. मी नाही काढणार,” म्हणत स्वारी उठली.

मग तुमच्या लेकीने डॉ. अर्लीन टब्ज शोधल्या, तुमच्याच काळ्या समाजातल्या. त्या उभ्या राहून म्हणाल्या, “या, पेटवेसाहेब. तुम्ही कुठल्या पेटव्यांपैकी? चर्च कुठलं?” आमच्या पुराणांतही वंशावळीशिवाय कथा सुरू होत नाही. त्या दिवशी ते तुमच्यासाठी पहिल्यांदा रडले. घरी येऊन म्हणाले, “मला वाटलं होतं, देव सोडायला सांगेल. पण प्रार्थना सोडा, असं नाही हो म्हणाली ती डॉक्टर.”

काल चर्चमध्ये साक्षीच्या वेळी, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायच्या वेळी, ते सगळ्यांसमोर उभे राहिले. “मी देवाला वाट विचारली. त्याने टब्जबाईंचं दार दाखवलं. मी मनाच्या डॉक्टरकडे जातो.” मग तुमच्या मैत्रिणींच्या बाकावरून “आमेन!” आला आणि माझी छाती कोटात मावेना.

बाहेर त्यांचे मित्र रूफस कुजबुजले, “पत्ता दे रे. मेहुण्यासाठी विचारतोय.”

“मेहुण्याला राहू दे घरी,” सासरे म्हणाले. “गुरुवारी गाडी घेऊन येतो. तू चल.”

तुमच्या यजमानांच्या अभिमानाने फुगलेला जावई,
त्र्यंबक