शून्यावरचं कुंकू

सोम. ९ फेब्रु.
मानवजातीच्या इतिहासात नोंदवावा असा अन्याय : भूशास्त्र विभागाचा एकुलता एक उंच स्टूल प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेला. कुंडी ठेवायला. मी मात्र ध्रुवण सूक्ष्मदर्शकापुढे अर्धा उभा, अर्धा वाकलेला. शुक्रवारी प्रॅक्टिकल परीक्षा, त्याआधी यंत्र जुळवायचं. तबकडी फिरवली की मधला कण मधेच राहायला हवा. आमचा नवरदेवासारखा गावभर मिरवतो. दोन स्क्रू. पाऊण तास पिळले. जमलं. का जमलं, माहीत नाही.

मंगळ. १०
नवा घोळ. काळ्या अभ्रकाची काच लावली. त्याच्या रेघा भिंगातल्या आडव्या तारेला समांतर आल्या की अभ्रक पूर्ण काळं पडायला हवं. पडत नाही. चार अंश पुढे गेल्यावर पडतं. काच बदलली. चष्मा काढला. घातला. चारच अंश.
खालचा पोलरायझर, म्हणजे प्रकाश एकाच दिशेनं गाळणारी चकती, तर शून्यावर आहे. एकोणीस वर्षं मुलांना सांगतोय, लाल ठिपका खुणेसमोर आणा, मग वरचा फिरवून अंधार करा. अंधार अगदी गुडुप होतो. मग चुकतंय कुठं?

बुध. ११
लाल ठिपका बोटाला लागला. प्रयोगशाळेतल्या राठोडमामांना विचारलं. साखऱ्याकडच्या तांड्यावरचे, विभागात माझ्या आधीपासून.
"लागनारच की सर. कुकू हाय."
"कुंकू?"
"खंडेनवमीला समद्या यंत्रांची पूजा करतो न्हवं? हे खालचं खोलून पुसतो, बसवतो, वर टिक्का."
"दरसाली त्याच जागी?"
"त्याच्याच आसपास. देवाला काय अंश लागतात व्हय?"
थर नखानं खरवडले. शेजारी कंपनीची बारीक पांढरी रेघ निघाली. मूळ शून्य. बरोबर चार अंशांवर.
म्हणजे मी एकोणीस वर्षं कुंकवावर भूशास्त्र शिकवलं.

गुरु. १२
पोलरायझर पांढऱ्या रेघेवर लावला. अभ्रक मुकाट काळं पडलं. आनंद व्हायला हवा होता. वैशाली आठवली.
वैशाली कांबळे, कुरुंद्याची. नऊ वर्षांपूर्वी प्रॅक्टिकलला एक खनिज किती अंशांवर काळं पडतं ते मोजायचं होतं; माझं उत्तर १५ अंश, तिचं १९. म्हणाली, "सर, यंत्रात फरक आहे." मी सगळ्यांसमोर : "यंत्र जर्मनीचं आहे, तू कुरुंद्याची. फरक कुणात असेल?" पोरं हसली. मला ते वाक्य तेव्हा फार आवडलं होतं. सहा गुण कापले. तिचा फर्स्ट क्लास तीन गुणांनी गेला, एम.एस्सी.चा प्रवेशही.
पण त्या साली टिक्का कुठं होता? चार अंशांवर? थेट शून्यावर? पलीकडच्या बाजूला?
मामा : "नऊ सालामागचं कुकू कुनाच्या ध्यानात असंल, सर?"
ती बरोबर असेल. मीही असेन. गुणांचा निकाल आता लागत नाही. त्या वाक्याचा लागलाय.

शुक्र. १३
परीक्षा पार पडली. पांढऱ्या रेघेवर. मामा विचारून राहिले, यंदा टिक्का कुठं लावू? म्हटलं, खोक्याला.
वैशाली कुरुंद्यालाच शाळेत शिकवते म्हणे. फोन हातात घेतला, ठेवला. काय सांगणार, चार अंश?

सोम. १६
कुरुंदा. मधली सुट्टी. स्टाफरूममध्ये ती आणि आणखी तिघं पेपर तपासत होते. ती उठली.
"सर, तुमी? इकडं काहून?"
तिघं होते ते बरं झालं. तेव्हा वर्गात बावीस होते. उभ्याउभ्याच बोललो : मी यंत्र तपासलंच नव्हतं, आणि तुझ्या गावावरून बोललो ते हलकट होतं. कुणी हसलं नाही.
मग विचारलं, १९ कसे काढले होतेस? हे नऊ वर्षांत पहिल्यांदा.
"आता आठवत नाही, सर. अंदाजानं लिहिलं असंल."
खरंच आठवत नाही, की मला सोडून दिलं?
"यंत्र जुळलं का आता?" तिनं विचारलं.
जुळलं, म्हणालो. तिनं मान हलवली आणि पुढचा पेपर ओढला.